अकाली रजोनिवृत्ती : लक्षणे आणि उपेक्षा

शरीरात घडणाऱ्या काही बदलांचे समाज कौतुकाने स्वागत करतो, तर काहींच्या वाट्याला केवळ मौन येते. मुलगी वयात आली म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना त्याची जाणीव असते. कित्येक घराण्यांतून त्या प्रसंगी ओटीही भरली जाते. तीच पाळी पुढे कायमची थांबते, तेव्हा मात्र ‘सुटले एकदाची’ एवढ्या एका उद्गारात तिची बोळवण होते. योग्य वयात हे घडले तर त्या उद्गाराने फारसे बिघडत नाही. परंतु तिशीत किंवा चाळिशीच्या उंबरठ्यावर ते घडले, तर सुटकेचा हा निःश्वास एखाद्या गंभीर सूचनेकडे डोळेझाक करणारा ठरतो.

योग्य वय कोणते, याचा विचार प्राचीनांनीही केला होता. स्त्रीचे रज बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीला क्षीण होते, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आजच्या पाहण्यांवरून भारतीय स्त्रियांचे रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ वर्षे दिसते. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. ती ४० ते ४५ या वयात आली तर तिला लवकर आलेली आणि चाळिशीच्याही आत आली तर अकाली म्हणावयाचे. चाळिशीच्या आतल्या शंभर स्त्रियांमागे निदान एकीला तरी हा अनुभव येतो. आपल्या गावात किंवा नात्यागोत्यात अशी कोणीच नाही असे ज्याला वाटते, त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ.

ही घटना घडते कशी? मुलगी जन्मास येते तेव्हाच तिच्या दोन्ही बीजकोशांत मिळून दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. वयात येईतो त्यांतील तीन ते चार लाख उरतात. सुगीत एकदाच भरलेल्या कणगीसारखा हा साठा असतो. त्यात नव्याने भर पडत नाही आणि रोज थोडे थोडे कमी होत जाते. कणगीच लहान असेल, किंवा धान्य भराभर संपू लागले, तर तळ लवकर दिसू लागतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजकोशांना दर महिन्यास रासायनिक आज्ञा धाडीत असते. उत्तर येईनासे झाले, की एखाद्या दक्ष कचेरीप्रमाणे ती स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे धाडू लागते. रक्तातील या आज्ञांचे वाढलेले प्रमाण हाच निदानाचा मुख्य आधार होय.

तथापि रक्त तपासण्याची वेळ येण्यापूर्वी शरीर पुष्कळ काही सांगत असते. पहिली खूण बहुधा पाळीच्या हिशेबात उमटते. अठ्ठावीस-तीस दिवसांचे अंतर आधी चोवीस-पंचवीसवर येते, मग दोन-दोन महिने पाळी चुकते, आणि पुन्हा एखादे वेळी ती वेळेवर येऊन निश्चिंत करते. त्यापाठोपाठ छातीतून मानेकडे आणि चेहऱ्याकडे अकस्मात वाफा चढू लागतात, क्षणभर अंग तापते आणि घाम सुटतो. रात्री घामाने पांघरूण ओले होऊन झोप मोडते. सांधे दुखतात, मन कारणावाचून चिडते किंवा खिन्न होते, नित्याची नावे आठवेनाशी होतात. योनिमार्ग कोरडा पडल्याने पतिपत्नीसंबंध दुःसह होतो. वारंवार उन्हाळी लागते.

यांतील प्रत्येक लक्षणाला आपल्याकडे एक तयार उत्तर असते आणि तेथेच घात होतो. वाफा आल्या की उष्णता वाढली म्हणून सब्जाचे पाणी दिले जाते. पाळी चुकली की दिवस राहिल्याची कुजबुज सुरू होते. चिडचिड झाली की स्वभावाला दोष लावला जातो. ही उत्तरे प्रत्येक वेळी चुकीचीच असतात असे नव्हे. गर्भधारणा, कंठस्थ ग्रंथीचा विकार, अतिश्रम आणि कुपोषण यांनीही पाळी थांबते, आणि म्हणूनच ती कारणे आधी तपासून दूर करावी लागतात. पण चाळिशीच्या आतल्या स्त्रीची पाळी तीन-चार महिने आली नाही, तर तर्क लढवीत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जाणे श्रेयस्कर. उलटपक्षी, पाळीच्या वेळी अतोनात रक्त जाणे, किंवा वर्षभर थांबलेली पाळी पुन्हा दिसणे, याला ‘जाण्याची वेळ आली’ असे म्हणून कधीही दुर्लक्षू नये. त्यामागे अर्बुद असू शकते.

कारणांचा शोध पुष्कळदा निष्फळ ठरतो. काहींच्या गुणसूत्रांतच उणीव असते; काहींचे शरीर आपल्याच बीजकोशांना शत्रू मानू लागते. आई किंवा बहीण यांची पाळी लवकर गेली असेल, तर त्या घरातील मुलींनी सावध असावे. कर्करोगावरील औषधे आणि किरणोपचार बीजकोशांना इजा करतात. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी एक-दोन वर्षे आधी जाते.

याखेरीज एक कारण असे आहे, की ज्याचा दोष निसर्गाकडे जात नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी हजारो जोडपी स्थलांतर करतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत विसावा नाही, आणि कामात खाडा झाला तर त्याचा भुर्दंड. अशा स्थितीत पोटदुखीवर किंवा अंगावरून जाण्यावर उपाय म्हणून ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला शेकडो वस्त्यांत पोहोचला. २०१९ साली या प्रश्नाचा बोभाटा झाल्यावर महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रश्न एका जिल्ह्यापुरता नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील अशाच तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्यास सांगितले.

गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते, आणि तीही तीव्र स्वरूपात. बीजकोश राखले तरी ते काही वर्षे आधी थकण्याचा संभव असतो. शिवाय अशा स्त्रीची पाळी आधीच थांबलेली असल्यामुळे सर्वांत ठळक खूणच पुसली जाते. वाफा, निद्रानाश, कोरडेपणा यांवरूनच तिने ओळखावयाचे. म्हणून शस्त्रक्रियेत नेमके काय काढले, याची नोंद तिच्या हाती असणे अगत्याचे आहे.

एवढी तातडी कशासाठी, असा प्रश्न येथे उद्भवेल. बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे केवळ प्रजननाचे द्रव्य नाही. त्याच्या अभावी हाडे ठिसूळ होतात, ही गोष्ट अमेरिकन वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ मध्येच दाखवून दिली. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. पन्नाशीनंतर हा अभाव निसर्गक्रमच आहे; पस्तिशीत तो आला तर शरीराला पंधरा वर्षे अधिक उणिवेत काढावी लागतात. म्हणून अशा स्त्रियांना, वैद्यकीय अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हे संप्रेरक बाहेरून देतात. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात या औषधांचे धोके दिसले आणि जगभर भीती पसरली. परंतु त्या प्रयोगातील स्त्रिया ५० ते ७९ वर्षांच्या होत्या. तरुण स्त्रीची उणीव भरून काढण्याच्या उपचाराला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे बरोबर नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्यांची गोष्ट निराळी. त्यांनी तज्ज्ञाचाच सल्ला घ्यावा. चुनखडीयुक्त आहार, कोवळे ऊन, चालणे आणि तंबाखू वा मिसरी सोडणे, हे सर्वांनाच हितकर आहे.

राहता राहिला मनाचा प्रश्न. जिला अद्याप मूल झाले नाही, तिला हे निदान एखाद्या शोकवार्तेसारखे ऐकू येते. तिला सांगावयास हवे, की अकाली रजोनिवृत्तीतही शंभरातील पाच-दहा जणींना पुढे आपोआप गर्भ राहतो. परक्या बीजाच्या साहाय्याने मातृत्वाचा मार्ग आहे आणि दत्तकाचाही आहे. तिच्या घरच्यांनाही काही सांगावयास हवे. वांझपणाचा शब्द जिभेवर येण्यापूर्वी त्यांनी ध्यानात घ्यावे, की हा तिचा अपराध नसून तिच्या शरीराची एक उणीव आहे, आणि दृष्टी मंदावली तर जसा चष्मा आणतात तसाच या उणिवेवरही इलाज करावयाचा असतो.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा, गॅसचा आणि व्याजाचा हिशेब बिनचूक टिपणारी गृहिणी आपल्या पाळीची तारीख मात्र बहुधा लक्षातच ठेवते. त्याच चौकोनात एक बारीकशी खूण तिने दर महिन्यास केली, तर डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी तयार असेल. या खुणेला खर्च काहीच नाही. तिला हवी असते ती घरातल्या माणसांची, आणि मुख्यतः पुरुषांची, संकोच बाजूला सारून विचारपूस करण्याची तयारी.