ताट किती रुपयांचं होतं?

मागच्या एपिसोडमध्ये मी सहज बोलून गेलो की प्रवासवर्णन लिहायला शिकायचं म्हणून मी चार रविवार एका कार्यशाळेत जाऊन आलो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "फिरून यायचं आणि लिहायचं, त्यात शिकायचं काय असतं?" खरं सांगू, जाण्याआधी मलाही हेच वाटत होतं. मी बीटेकवाला माणूस, दिवसभर कोड लिहितो. म्हटलं, मराठी तर आपली मातृभाषा आहे, चार टिप्स मिळाल्या की झालं.

पहिल्याच रविवारी शिकवणाऱ्या ताईंनी फळ्यावर काही शब्द लिहिले. निसर्गरम्य, नयनरम्य, अविस्मरणीय, निसर्गाच्या कुशीत, डोळ्यांचं पारणं फिटलं. म्हणाल्या, "हे आजपासून बंद." मी सोबत नेलेल्या लेखात पाचपैकी चार होते. मग त्यांनी सांगितलं, घरून इथपर्यंत कसे आलात ते दहा वाक्यांत लिहा, आणि 'मी'ने सुरू होणारं वाक्य फक्त एकच चालेल. हिंजवडीहून सदाशिव पेठेत येताना मी तास-सव्वा तास बसमध्ये होतो. लिहायला बसलो तर काहीच आठवेना, कारण सगळा वेळ मोबाईलमध्ये डोकं होतं. सहा वाक्यं झाली, त्यातली दोन ट्रॅफिकबद्दल.

दुसऱ्या रविवारी वाचन होतं. मला वाटलं होतं पुलंचं 'अपूर्वाई' असेल. पण त्यांनी काढलं गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, घरावर कर्ज होतं म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले. मथुरेला मोठा यज्ञ होणार होता, तिथे दक्षिणा मिळेल असा हिशोब. आणि वाटेत बंडात सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा हा माणूस झाशीत होता. हे सगळं त्यांनी बऱ्याच वर्षांनंतर आठवून लिहिलं आणि पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. ताईंचा मुद्दा असा होता की हा माणूस 'बघायला' गेलेलाच नाही, पोटासाठी गेलाय. म्हणून कुठे काय मिळालं, कुठे जेवायची सोय झाली, काय लुटलं गेलं हे त्याला आठवतं. आपण शनिवारी जातो, रविवारी रात्री परत. आपलं पोट तिथल्या कशावरच अवलंबून नसतं. हे मला तेव्हा जरा लागलं, पण मी वहीत लिहून पुढे गेलो.

तिसरा रविवार मात्र अजून डोक्यातून जात नाही. प्रत्येकाने आपला लेख वाचायचा, मग बाकीचे बोलणार आणि लेखकाने तोंड उघडायचं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखकांचं वर्कशॉप सुरू झालं, ही गप्प बसायची पद्धत तिथून बरीच पसरली म्हणे. मी म्हटलं, हे तर कोड रिव्ह्यूसारखंच आहे. नाही हो. कोड रिव्ह्यूमध्ये निदान कॉमेंटला उत्तर देता येतं!

माझा लेख होता हरिश्चंद्रगडाचा. पाचनईच्या वाटेने चढलो, केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उतरलो, चारपैकी एकच खांब शाबूत कसा राहिला यावर एक पॅरेग्राफ, कोकणकड्यावर दोन. आणि शेवटी, उतरल्यावर पाचनईत एका मावशींच्या घरी जेवलो ते. त्यातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य होतं: 'चुलीपुढे बसलेल्या त्या माऊलीच्या चेहऱ्यावर ना तक्रार होती ना थकवा.' ग्रुपवर या वाक्याला भरपूर हार्ट मिळाले होते.

आमच्यात एक काका होते, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताट किती रुपयांचं होतं?"

मला माहीतच नव्हतं. मित्राने स्कॅन करून पैसे दिले होते, आम्ही नंतर ॲपवर वाटून घेतले.

"भाकरी कशाची होती?" मी मनात म्हटलं, बहुतेक नाचणी. की बाजरी? "त्या पाणी कुठनं आणतात? घरात आणखी कोण होतं?" काका भांडत नव्हते, तिकिटाचा हिशोब लावावा तसं शांतपणे विचारत होते. आणि मी गप्प. नियम होता म्हणून नाही, उत्तर नव्हतं म्हणून. एका खांबावर मी पॅरेग्राफ लिहिला होता आणि जिच्या हातचं जेवलो तिचं आडनावसुद्धा विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी एकटाच परत गेलो. गड चढलोच नाही. मावशींनी ओळखलं नाही, दर आठवड्याला पन्नास जण येतात, कशाला ओळखतील? पण त्यांची मुलगी घरी आली होती, संगमनेरला कॉलेजात आहे. तिने ओळखलं. म्हणाली, "दादा, तुम्हीच लिहिलंय ना आईवर?" आणि मोबाईल काढून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. ना तक्रार ना थकवा. मग म्हणाली, "त्या दिवशी आईला ताप होता. दोन ग्रुपचं बुकिंग होतं म्हणून उठली."

मी काय बोलणार? "सॉरी" म्हटलं. मावशी आतून म्हणाल्या, "जाऊ दे गं, त्याला काय ठावं. बस बाळा, चहा घे."

त्या दिवशी मी चार तास ओट्यावर बसलो. भाकरी नाचणीचीच. ताट दीडशेचं, पण ग्रुप आणणारा वीस-तीस रुपये कापून घेतो. पावसाळ्यात इथे आठवडा-आठवडा पाऊस थांबत नाही आणि एप्रिल-मेमध्ये मावशी दोन हंडे घेऊन विहिरीवर नंबर लावतात. याच डोंगरातून मुळा नदी निघते बरं का, खाली राहुरीकडे तिच्यावर एवढं मोठं धरण आहे. हे मी गुगल मॅपवर कितीदा पाहिलं असेल, पण हंड्याशी जोडलं नव्हतं.

चौथ्या रविवारी नवीन लेख वाचला. काकांनी विचारलं, "त्यांना वाचून दाखवलंत का?" नव्हतं दाखवलं. मग त्याच रात्री मुलीला फोन लावला, तिने स्पीकरवर टाकला, मी वाचलं. कोकणकडा आता एका ओळीत आहे. मध्येच मावशींनी दोन चुका काढल्या: विहीर मी उलट्या दिशेला नेऊन ठेवली होती आणि हंडे दोन नाही, तीन. दुरुस्त केलं. वाचून झाल्यावर जरा शांतता. मग म्हणाल्या, "ते कापून घेतात ते लिहू नको. पोरं आणणं बंद करतील."

मी म्हटलं, गावाचं नाव काढतो. तर म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ दे. लोक येतील." आणि त्यावर मुलीचं आणि त्यांचं फोनवरच भांडण सुरू झालं. मुलीचं म्हणणं, ते छापलंच पाहिजे. काल पुन्हा बोललो, आज हे इथे मावशींच्या होकारानेच सांगतोय. पण अट घातलीय त्यांनी: आता येणाऱ्यांनी थेट घरी फोन करून यायचं. पाचनईत उतरल्यावर कोणालाही विचारा जेवण कुठे मिळेल. घरं बरीच आहेत, त्यांचं कोणतं ते मी सांगत नाही.