मुलांनी काय पाहावे, हे कोण ठरवणार?

(एका बालवाडीच्या पालकसभेत केलेले भाषण)



लहान मुलांना दूरचित्रवाणीवरील कोणते कार्यक्रम दाखवावेत यासंबंधी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपल्या संचालिकाबाईंनी केली तेव्हा मी अंमळ संकोचलो. मी बालमानसशास्त्रज्ञ नव्हे. मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा फळ्यावर काढण्यात माझी तीन तपे गेली. परंतु विचार करता ध्यानात आले की हा प्रश्न निम्म्याहून अधिक अर्थशास्त्राचाच आहे. म्हणून धाडस केले.

हा विषय निघाला की आपण मारामारी, शिवीगाळ, उद्धटपणा यांची मोजदाद करू लागतो. ती करू नये असे माझे म्हणणे नाही. २००८ साली ‘शिनचान’ या जपानी व्यंगचित्रमालिकेवर आपल्याकडे बंदी आली आणि पुढे काटछाट होऊन ती परतली. त्या वेळी आमच्या परिचितांत जी चर्चा झाली ती सारी त्या पोराच्या उर्मट बोलण्याची. मालिकेच्या मधल्या वेळात मुलांना काय विकले जाते, हे कोणी विचारले नाही, मीही नाही.

ते मला माझ्या चार वर्षांच्या नातीने शिकवले. तिच्यासाठी मी पसंत कार्यक्रमांची एक यादी करून कपाटावर डकवली होती. त्यातली एक निरुपद्रवी माकडाची गोष्ट पाहून झाल्यावर मी तिला ती सांगायला लावली. तिने छान सांगितली : माकड झाडावरून पडले, रडले, मग त्याने दुधात पावडर घालून ते प्यायले आणि ते एकदम मोठे झाले. ही पावडर माकडाच्या गोष्टीतली नव्हती, जाहिरातीतली होती. तिच्या लेखी दोहोंत सांधाच नव्हता. मी निवडलेली गोष्ट निर्दोष होती आणि तरीही निवड फसली होती.

आमच्या शास्त्रात ग्राहक सुज्ञ असतो असे गृहीत धरतात. विक्रेता आपल्या मालाची स्तुती करणारच, हे त्याला कळते. सात-आठ वर्षांखालील मुलाला हा हेतू नीटसा कळत नाही, हे अभ्यासकांनी पुष्कळदा दाखवले आहे. मग तो ग्राहक कसला? ही गोष्ट जाणून कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती करण्यास बंदी घातली. स्वीडनने आपल्या दूरचित्रवाणीवर बारा वर्षांखालील मुलांपुरता तसाच निर्बंध आणला. आपल्याकडे २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या कार्यक्रमांत चिप्स, शीतपेये यांसारख्या खाद्यपेयांच्या जाहिराती वर्ज्य ठरवल्या, हे चांगलेच झाले. मात्र मुलाला मुळात काही विकावेच का, हा प्रश्न शिल्लक राहिला.

तो आपल्या देशात कधी उपस्थित झाला, हे पाहण्यासारखे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात, अमेरिकेकडून मुदतीने मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्यात आली. रोज सकाळी दीड तास पाच ते बारा वयाच्या मुलांसाठी राखून ठेवलेला होता. संच सार्वजनिक, मुले एकत्र बसलेली. उणिवा पुष्कळ होत्या. पण त्या दीड तासात कोणी काही विकत नव्हते. नेमक्या त्याच वर्षाच्या मध्यावर, १ जानेवारी १९७६ रोजी, दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. उपग्रह वर्षाअखेर परत गेला; जाहिराती राहिल्या. १९९० च्या प्रसार भारती कायद्याने मुलांच्या हितरक्षणासाठी विशेष उपाय करणे हे सार्वजनिक प्रसारणाचे कर्तव्य मानले आहे. जाहिरातमुक्त अर्धा-पाऊण तास त्या कर्तव्यात बसत नसेल, तर काय बसते हे कोणी तरी सांगावे.

वयोगटांच्या शिक्क्यांवर फार विसंबू नका, असेही सुचवतो. २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरील चित्रपट-मालिकांसाठी सात, तेरा, सोळा अशा वयांच्या पायऱ्या आखल्या. परंतु साताच्या खाली पायरीच नाही. ‘सर्वांसाठी’ म्हणून जे चार वर्षांच्या मुलाला चालते तेच त्याच्या आजोबांना! शिवाय फोनवरचा एक भाग संपण्याआधीच दुसरा सुरू होतो. आमच्या लहानपणी मुंबई दूरदर्शनवरचे ‘किलबिल’ संपायचे आणि आम्ही चाळीतली पोरे ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या उंबऱ्यावरून उठून खेळायला जायचो. संपणे हा त्या कार्यक्रमाचा मोठाच गुण होता, हे आता कळते.

इथपर्यंत मी मध्यमवर्गीयांविषयी बोललो. ज्यांच्या घरी यादी डकवायला कपाट आहे आणि शेजारी बसायला निवृत्त आजोबा आहेत, त्यांच्याविषयी.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा माझ्या नातीच्याच वयाचा. सकाळी अंगणवाडी सुटली की तो खोलीत एकटा असतो. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितले, “त्याला एका तासापेक्षा जास्त टीव्ही दाखवू नका.” जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी हीच मर्यादा सांगितली आहे, याचा मला आधार होता. त्या भांडी पुसत म्हणाल्या, “काका, टीव्ही चालू असला की तो आत बसतो. बंद केला तर कडी काढून रस्त्यावर जातो. समोरून डंपर जातात.”

मी गप्प झालो. त्या बाईंनी कार्यक्रमाची निवड केली नव्हती. डंपर आणि मालिका यांत निवड केली होती, आणि ती अगदी बरोबर केली होती. कारखाने अधिनियमाने १९४८ साली पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली. पाच घरी धुणेभांडी करणारी स्त्री या दोन्ही हिशेबांत कोठेच येत नाही. तिच्या मुलाचे पाळणाघर म्हणजे तो पडदा, आणि त्याचा खर्च चालवतो पावडरवाला.

तेव्हा आपल्या मुलांची यादी जरूर करा. त्यांच्याबरोबर बसा, मागाहून गोष्ट सांगायला लावा. आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या या बालवाडीच्या दोन्ही खोल्यांना दुपारी साडेबाराला कुलूप लागते. त्या सायंकाळी सहापर्यंत उघड्या ठेवल्या आणि मागच्या वस्तीतल्या मुलांना येऊ दिले, तर दोन सेविकांचे वेतन, दुपारचे खाणे आणि वीज मिळून किती खर्च येईल, याचा हिशेब मी या कागदावर मांडून आणला आहे. संचालिकाबाईंनी पाहिला आहे. दर घरामागे येणारा आकडा खाली लिहिला आहे. कागद पुढच्या रांगेपासून फिरवतो. ज्यांना मान्य असेल त्यांनी आपले नाव लिहावे.