रक्तदाब : एका आकड्याचा भरवसा किती?



पंचायतीच्या आवारात आरोग्य तपासणी शिबिर भरते. उन्हातून सायकल हाकीत आलेले गुरुजी खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच त्यांच्या दंडाला पट्टा आवळला जातो आणि कागदावर १५२/९६ असा आकडा उमटतो. गुरुजी हादरतात. पुढे डॉक्टर गोळ्या सुरू करतात, दोन महिन्यांनी दाब १२६/८० भरतो आणि गुरुजी आपल्याच मनाने गोळ्या बंद करतात. पहिली भीती घाईची होती. दुसरी निश्चिंती मात्र घातक होय. गोळ्यांनी उतरलेला दाब गोळ्या थांबताच बहुधा पुन्हा चढतो आणि चढल्याची वर्दी देत नाही. अनेकदा पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा बिघाड हीच त्याची पहिली खूण ठरते.

हृदय आकुंचन पावताना रोहिण्यांच्या भिंतींवर पडणारा दाब हा वरचा आकडा, ते विसावते तेव्हाचा दाब हा खालचा. झोपेत दाब उतरतो. जिना चढताना, रागाच्या भरात, थंडीत तो वाढतो. काहींचा तर केवळ डॉक्टरांना पाहून चढतो. उलट, दवाखान्यात सरळ भरणारा दाब घरी चढलेला असतो, असेही पुष्कळांच्या बाबतीत घडते. म्हणून घरच्या मोजणीला महत्त्व आहे.

दंडाच्या पट्ट्याची युक्ती इटलीचे डॉक्टर रीवा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली. आता विजेरीवर चालणारे यंत्र कोणालाही वापरता येते. अडचण यंत्राची नसून बसण्याची आहे. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम टाळावेत, लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवर नव्हे. दंड हृदयाच्या पातळीत असावा. हात तेरा सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा सुमारे दहाने फुगतो. जाड दंडाला लहान पट्टाही असाच फसवितो. आणि मोजताना बोलू नये, जे आपल्याकडे सर्वांत अवघड!

सकाळी गोळी घेण्यापूर्वी व पुन्हा संध्याकाळी, एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजावे. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर दाब वाढलेला समजतात. दवाखान्यातील मोजणीत हीच सीमा साधारणतः १४०/९० धरतात. मात्र १८०/१२० च्या वर आकडा जाऊन छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे किंवा एका अंगाची शक्ती जाणे असे काही दिसले, तर वही बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील पुरुषांत शेकडा २४ व स्त्रियांत शेकडा २१ जणांचा दाब वाढलेला, किंवा औषधाखाली असलेला, आढळला. म्हणजे हा प्रश्न शहरी साहेबांपुरता उरलेला नाही. प्रत्येक घराला यंत्र परवडेलच असे नाही. परंतु शाळेच्या किंवा पंचायतीच्या कपाटात एक यंत्र, मोठ्या मापाचा एक जादा पट्टा आणि बसायला पाठ असलेली खुर्ची ठेवणे अवघड नाही. रोजचे आकडे तारीख-वेळेसह वहीत उतरवावेत आणि गोळ्यांचा निर्णय ती वही पाहून डॉक्टरांनी करावा.