गाभण म्हैस, उन्हाळा आणि वार

मागं थोडी खरखर ऐकू येईल. मी दर्यापूरला आमच्या गोठ्याला टेकूनच बसलोय आणि पलीकडं कुटार खाणं चालू आहे. एडिटिंगमध्ये काढता आली असती, पण राहू दिली.

आजचा विषय जेवताना ऐकू नका. विषय आहे वार. म्हैस व्याल्यावर जी पडते ती. कुणी जार म्हणतं. आपण तिच्याकडं बघतो ते फक्त ती पडली की नाही एवढ्यापुरतं. मीही तेवढंच बघायचो, मागच्या ऑक्टोबरपर्यंत.

झालं असं. आमची म्हैस रात्री अकराच्या सुमारास व्याली. वगार झाली, म्हणजे घरात आनंदच. पण वगार एवढीशी. उभी राहायलाच तिला दोन तास लागले. आणि वार काही पडेना. सकाळ झाली, दुपार झाली. शेजारचे काका म्हणाले, "हात घालून काढून टाक, मी करतो." आजीनं त्यांना गोठ्याच्या बाहेर काढलं. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, गर्भाशयाला सूज आली होती, महिनाभर औषधं चालली. दूध व्हायला पाहिजे होतं त्याच्या निम्मंही झालं नाही. वगार सहाव्या दिवशी गेली.

मी डॉक्टरांना विचारलं, "शेवटचे दोन महिने तर ढेप दिली, मीठ दिलं. मग कमी कुठं पडलं?" ते म्हणाले, "एप्रिल-मे मध्ये काय देत होता?"

कुटार. एप्रिल-मे मध्ये आम्ही नुसतं कुटार देत होतो.

आता हे नीट समजून घेऊ. वार म्हणजे नुसती पिशवी नाही. गाई-म्हशीच्या गर्भाशयाच्या आतल्या बाजूला ठरावीक ठिकाणी उंचवटे असतात. पिल्लाच्या बाजूनं वारेवर गुंड्यांसारखे गोळे तयार होतात आणि ते त्या उंचवट्यांना घट्ट जुळतात. शर्टाची बटणं काजात बसावीत तसं. गाईत अशा 80 ते 120 जोडण्या असतात. आईचं आणि पिल्लाचं रक्त कुठंच मिसळत नाही. अन्न, प्राणवायू, खनिजं सगळं या गुंड्यांमधूनच पलीकडं जातं. म्हणजे पिल्लाचं ताट किती मोठं हे या जोडण्या आणि त्यातल्या रक्तवाहिन्या ठरवतात.

आणि हे ताट आधी घडतं, जेवण नंतर वाढलं जातं. पिल्लाचं वजन वाढतं ते मुख्यतः शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणून आपण तेव्हा ढेपीचं पोतं उघडतो. पण वार त्याच्या कितीतरी आधी कामाला लागलेली असते. मेंढीचा गाभणकाळ 150 दिवसांचा, आणि तिची वार 75 ते 90 दिवसांतच पूर्ण वजनाला पोचते. गाई-म्हशीत वार नंतरही हळूहळू वाढते, पण जोडण्यांची जुळणी सुरुवातीच्या महिन्यांतच होऊन जाते.

आता आपल्याकडचं कॅलेंडर बघा. म्हशी माजावर येतात त्या जास्त करून थंडीत. आमची डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागली. गाभणकाळ दहा महिने आणि वर काही दिवस, म्हणजे ऑक्टोबर. मग एप्रिल-मे हा तिचा पाचवा-सहावा महिना. बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. उष्णतेचाही वारेवर परिणाम होतो. मेंढ्या उष्ण खोलीत ठेवून केलेल्या प्रयोगांत त्यांची वार लहान राहिली आणि कोकरंही हलकी झाली. आमची म्हैस फेब्रुवारीतच आटली होती. दूध नाही म्हणजे खर्च नाही, हा घरातला हिशोब. कुणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही हो. पण पैसा पहिल्यांदा दुधाच्या जनावराकडं जातो आणि आटलेलं जनावर दावणीच्या टोकाला जातं.

"मग हिरवा चारा लावा ना," असं मला पश्चिम महाराष्ट्रातला एक मित्र म्हणाला. बाबा रे, हा खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी खोल जमीन आणि खाली खारं पाणी. ते पाणी ओलिताला चालत नाही, जमीन खराब होते. म्हणून पावसावर कपाशी, सोयाबीन, तूर, पुढं हरभरा. ज्वारी कमी झाली तसा कडबाही कमी झाला. उन्हाळ्यात गोठ्यात राहतं ते सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचं कुटार. पोट भरतं त्यानं. पण प्रथिनं कमी, आणि हिरव्या चाऱ्यातून जे अ जीवनसत्त्व तयार होतं ते सुक्या कुटारात जवळजवळ नाहीच. ते, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं की वार अडकण्याचा धोका वाढतो. व्याल्यावर त्या गुंड्या सुटाव्या लागतात, आणि त्या सुटण्यासाठी जनावराच्या पांढऱ्या पेशी ताकदीच्या लागतात.

आमची वार फक्त याच कारणानं अडकली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ब्रुसेलोसिससारखा रोग असला तरी वार अडकते, गर्भ पडतो. आमची तपासणी निगेटिव्ह आली. तुम्हीही करून घ्या. आणि वारेला उघड्या हातानं शिवू नका, तो रोग माणसालाही होतो. पुरून टाका, कुत्र्यांना ओढू देऊ नका.

हे फक्त जनावरांपुरतं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती बायांचा अभ्यास सुरू केला. सोनोग्राफीनं गरोदरपणाच्या मध्यावर वारेचा आकार मोजला. तेव्हा दिसलं की दिवस जाण्याआधी आईचं वजन किती होतं याच्याशी तो आकार जोडलेला आहे, आणि त्या आकाराशी बाळाचं वजन. त्याच अभ्यासात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं मोठी निघाली. नुसत्या एकूण उष्मांकाशी तसा संबंध दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मला आमचं कुटारच आठवलं. पोट भरलेलं, पण हिरवं काही नाही.

आता लगेच ढेपीचं पोतं ओतू नका. अंगानं चांगल्या मेंढ्यांना मधल्या काळात थोडं कमी खायला दिलं, तर काही प्रयोगांत वार उलट मोठी झाली. शरीर भरपाई करतं. आधीच रोड असलेल्या मेंढ्यांना ते जमलं नाही. आणि स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला लहान वयाच्या, स्वतःच वाढत असलेल्या गाभण मेंढ्यांना भरपूर चारलं तर त्यांची वार लहान राहिली, कोकरं हलकी झाली. खाणं आईच्याच वाढीकडं गेलं. म्हणजे पहिलारू वगार किंवा कोवळी पाठ लवकर लावायची आणि मग खुराकानं भरून काढायचं, हे चालत नाही.

आम्ही या वर्षी काय करतोय? पैसे तेवढेच आहेत. ढेप शेवटी एकदम देण्याऐवजी त्यातली थोडी आत्तापासून रोज. खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम. पिशवी महाग वाटते, पण त्या महिन्याच्या औषधांपुढं काहीच नाही. बांधावरची शेवरी आणि सुबाभूळ. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत, जास्त झाली तर बाधते. दुपारी गोठ्यावर ओलं गोणपाट. आणि बरगड्यांवरून हात फिरवून महिन्याला एकदा बघायचं की हाडं वर येतायत का. तुमच्या जनावराचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारा. 1962 हा फोन नंबर त्यासाठीच आहे, आणि अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. आमच्याकडं वार पडेपर्यंत चीक काढत नाहीत. त्या रात्री आम्हीही थांबलो. गाई-म्हशीच्या वारेतून रोगाशी लढणारी द्रव्यं पिल्लाकडं जातच नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात, आणि पिल्लाचं आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट शोषतं. आमच्या वगारीला चीक मिळाला दुसऱ्या दिवशी दुपारी. शिवाय पिल्लू ओढायला लागलं की गर्भाशय आकसतं, म्हणजे वार पडायलाही मदतच होते. हे मी आजीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले कोनी सांगतलंच नाई रे हे."

तीच म्हैस आत्ता पाचव्या महिन्यात आहे. आजी रोज सकाळी शेवरीचा भारा स्वतः आणते, मला हात लावू देत नाही. ऑक्टोबरमध्ये व्याली की कळवतो. तुमच्याकडं वार पडायच्या आधी चीक देतात का, तेवढं व्हॉइस नोटवर सांगा. गावाचं नाव घ्यायला विसरू नका.