काळीज, यकृत आणि एक गोळी



आपल्या मराठीतला ‘काळीज’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. कुणाचे काळीज तुटते, कुणाचे वाघाचे असते. अशा वेळी आपल्या मनात असते ते हृदय. पण मटणाच्या दुकानात जाऊन पाव किलो काळीज मागा. तो गृहस्थ तुम्हांला बांधून देईल ते यकृत. ही अदलाबदल कशी झाली ते भाषापंडितांनी सांगावे. मला आज बोलायचे आहे ते अशा माणसांविषयी, की ज्यांचे यकृत बरेच दिवस दुखणाईत आहे आणि ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉलही वाढलेले आहे. यकृताला जपण्याच्या नादात ही मंडळी हृदयाला विसरतात, आणि पुष्कळदा दगा होतो तो तिथेच.

तुम्ही म्हणाल, तर्कशास्त्र शिकवणाऱ्या मास्तराने या भानगडीत कशाला पडावे? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे. कुणी कोणती गोळी किती घ्यावी हे मी सांगणार नाही. पण या बाबतीत जो घोटाळा घरोघर होतो तो औषधाचा कमी आणि अनुमानाचा जास्त आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचेच उदाहरण घ्या. वय ६२. सात वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हापासून रात्री कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू. गेल्या वर्षी सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली, आणि रक्तात एसजीपीटी आले ७८. कागदावर मर्यादा छापलेली होती ४०. त्या दिवशी घरी आलेल्या एका आप्तांनी गोळ्यांच्या खोक्यातली चिठ्ठी उलगडून मोठ्याने वाचली : यकृताचा विकार असल्यास हे औषध घेऊ नये. झाले! दादांनी गोळी बंद केली आणि कुणाला सांगितलेही नाही. चार महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ६४ वरून १४१ वर गेलेले. आणि एसजीपीटी? ८१.

आमच्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या आहेत. कारण असेल तेव्हा कार्य असावे, हा अन्वय. कारण नसेल तेव्हा कार्यही नसावे, हा व्यतिरेक. गोळी होती तेव्हा ७८, गोळी नव्हती तेव्हा ८१. मग गोळीला दोष कसा द्यायचा? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, इतकेच. फांदी आधीच किडलेली होती. यकृतातली चरबीच ते एसजीपीटी वाढवीत होती. (हा प्रयोग घरी करून पाहण्याजोगा मात्र नाही. स्टेंट बसलेल्या माणसाचे चार महिने त्यात खर्ची पडले.)

आता ही गोळी करते काय? आपल्या शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते, आणि त्या कामात यकृताचा वाटा मोठा. पित्तही त्यापासूनच होते. कोलेस्टेरॉल हे नावच मुळी पित्ताच्या ग्रीक शब्दावरून पडले, कारण ते पहिल्याने सापडले पित्ताच्या खड्यांत. १९७३ साली जपानमध्ये अकिरा एन्दो यांनी हजारो बुरश्या तपासल्यावर, क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावरच्या बुरशीत, हा कारखाना मंद करणारे द्रव्य शोधून काढले. स्टॅटिन जातीच्या औषधांचा जन्म तिथला. १९८७ मध्ये त्यातले पहिले औषध अमेरिकेत विक्रीला आले. कारखाना मंदावला की यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते, आणि रक्तातले प्रमाण उतरते. औषधाचे काम यकृतातच चालते, म्हणून यकृताबद्दल धास्ती वाटणे स्वाभाविक होते. पूर्वी डॉक्टरही वरचेवर यकृताची तपासणी करायला लावीत. पण गंभीर इजा इतकी विरळ आढळली, की २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी हा नित्याचा आग्रह सोडला. सुरू करण्यापूर्वी एकदा तपासा, आणि पुढे लक्षणे दिसतील तसे, असे आता धोरण आहे.

ग्रीसमधला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या रोग्यांपैकी ज्यांच्या यकृताच्या तपासण्या मध्यम प्रमाणात बिघडलेल्या होत्या, अशांत स्टॅटिन घेणाऱ्या २२७ जणांपैकी २२ जणांवर हृदयाची वा रक्तवाहिन्यांची आपत्ती आली. न घेणाऱ्या २१० पैकी ६३ जणांवर. शिवाय घेणाऱ्यांचे यकृताचे आकडे सुधारले. हा अभ्यास मुळात या प्रश्नासाठी आखलेला नव्हता, हिशेब मागाहून मांडला, हे सांगायला हवे. तरी २२ आणि ६३ यांतले अंतर डोळ्यांत भरण्यासारखे आहे. चरबीने सुजलेल्या यकृताच्या रोग्यांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे, हे तर आता सर्वमान्य झाले आहे.

मग चिठ्ठीतला मजकूर खोटा का? खोटा नाही, अपुरा वाचला गेला. त्यात ‘सक्रिय’ विकार असे म्हटलेले असते, आणि आमच्या आप्तांनी नेमके तेच विशेषण गाळले. अमेरिकेतल्या नव्या पत्रकांत तर आता स्पष्टच लिहितात : यकृत एकाएकी निकामी झालेले असल्यास, किंवा सिऱ्हॉसिस होऊन यकृताचा तोल सुटलेला असल्यास. सीमारेषा आहे ती इथे. यकृत जखडले, पण अजून संसार रेटते आहे, तोवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही गोळी बहुधा चालते. पोटात पाणी झाले, कावीळ उतरेना, रक्ताची उलटी झाली, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, की हिशेब बदलतो. औषधाचा निचरा नीट होत नाही, ते रक्तात साठते. अशा रोग्यांना सिम्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा काहींचे स्नायू झडू लागले. म्हणून इथे मात्रा उतरवणे किंवा गोळी थांबवणे, हा निर्णय यकृततज्ज्ञाचा.

आणि इथेच एक फसवा आकडा भेटतो. वर्षानुवर्षे २४० असलेले कोलेस्टेरॉल काही पथ्य न करता १२० झाले, म्हणून घरात पेढे वाटू नयेत. सिऱ्हॉसिसच्या पुढच्या अवस्थेत यकृताला कोलेस्टेरॉल बनवणेच झेपत नाही, म्हणून ते घसरते. गिरणीचे भोंगे बंद झाले म्हणजे गावात शांतता नांदू लागली असे नव्हे.

उलट, पित्तनलिका चिवळत जाणाऱ्या काही विकारांत कोलेस्टेरॉल भलतेच चढते, पण त्या आकड्याच्या मानाने हृदयाला धोका तितका नसतो. तेव्हा नुसता आकडा पाहून घाबरू नये, तसे हरखूही नये.

पथ्याचे म्हणाल, तर दारू पूर्ण बंद. त्यात घासाघीस नाही. यकृतावर चरबी असलेल्या ऐंशी किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो वजन सावकाश उतरवले, तर सूजही ओसरू लागते. तुपाच्या धारेची आपल्याला धास्ती, पण चहातली साखर, सरबते आणि बेकरीचा माल यांचा हिशेब कुणी ठेवीत नाही. मात्र सिऱ्हॉसिस झालेल्याला हा उपाशी राहण्याचा मंत्र देऊ नये. त्याचे स्नायू आधीच झिजत असतात. त्याची डाळ, दूध, अंडी तोडू नयेत, आणि रात्री निजण्यापूर्वी त्याने थोडे काही खावे, कारण रात्रीचा लांब उपास त्या यकृताला सोसत नाही. निर्जळी एकादशी घरातल्या दुसऱ्या कुणी करावी. पोटात पाणी असेल, तर लोणचे-पापड ताटातून उठवावे लागतात.

राहता राहिले काढे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रोग्यांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यावर सरकारच्या आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वनस्पतीच्या ओळखीवरून वाद झाला. त्या वादात न शिरताही एवढे करता येते, की जे काही आपण घेतो ते डॉक्टरांना दाखवावे. गोळ्यांची खोकी, काढ्याची बाटली आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एकाच पिशवीत न्यावेत. वाढलेले एसजीपीटी गोळीच्या आधीचे की नंतरचे, हे त्या पिशवीतूनच निघते.