पाटी आपली, वही आपली



आज बोलायचं आहे ते लहान कारागिरांच्या आणि कलाकारांच्या वेबसाइटबद्दल, आणि त्यांच्या वार्तापत्राबद्दल, म्हणजे ज्याला सगळे न्यूजलेटर म्हणतात त्याबद्दल. माझा व्यवसायच तो आहे. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

कऱ्हाडजवळच्या एका गावात एक ताई गोधड्या शिवतात. हाताने, धावदोऱ्याने. सोबत गावातल्याच चार-पाच बायका. नव्या कापडाच्या गोधड्या त्या करतातच, पण त्यांचं खरं काम जुन्या साड्यांचं. कुणी आईच्या, कुणी आजीच्या साड्या पाठवतं आणि गोधडी करून मागतं. २०१९ साली त्या वेबसाइट करून घ्यायला माझ्याकडे आल्या, तेव्हा मीच म्हटलं, "ताई, कशाला खर्चात पडता? समाजमाध्यमावर एक पान काढू, फुकटात होईल." पान काढलं आणि ते छान चाललं. लोक तिथेच फोटो बघत, तिथेच निरोप टाकत, तिथेच पत्ते कळवत.

२०२२च्या दिवाळीच्या तोंडावर ते पान बंद पडलं. पासवर्ड कुणी चोरला की आणखी काय झालं, ते आजवर कळलेलं नाही. अर्ज केले, ओळखपत्रं पाठवली. उत्तरं आली ती यंत्राची. ताईंच्या घरी तेव्हा साड्यांची नऊ गाठोडी होती. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली, आणि चिठ्ठीवर नुसतं पहिलं नाव. आडनाव, पत्ता, फोन हे सगळं त्या पानावरच्या निरोपांत अडकलेलं. आगाऊ पैसे घ्यायला ताईंना संकोच वाटे, त्यामुळे बँकेतही नोंद नाही. त्यांचा मला फोन आला तेव्हा त्या धंद्याबद्दल बोलतच नव्हत्या. "अहो, गेलेल्या माणसांची लुगडी आहेत ही," त्या म्हणाल्या, "मी चोर ठरेन की!"

मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता बघा, आपल्याकडचा साधा दुकानदारसुद्धा दोन गोष्टी कुणाच्या हाती देत नाही. दुकान भाड्याचं असेल, पण वरची पाटी त्याची असते आणि गल्ल्यातली गिऱ्हाइकांची वही त्याची असते. जागामालकाने उद्या जागा खाली करायला सांगितली, तर पाटी उतरवून आणि वही काखेत मारून तो शेजारच्या गल्लीत जातो. इंटरनेटवर आपण हे व्यवहारज्ञान का विसरतो, कोण जाणे. भाड्याच्या जागा तिथे कायम बंद होत आलेल्या आहेत. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं. टिकटॉकवर भारतात २०२०च्या जूनअखेर बंदी आली. गुगल लहान दुकानांना फुकट वेबसाइट करून देत असे, ती सोय मार्च २०२४ मध्ये संपली. आणि ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदमच सुमारे सहा तास बंद होतं, ते तर पुष्कळांना आठवत असेल.

पाटी म्हणजे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं तुमचं नाव. खरं तर तेही वर्षाच्या भाड्यानेच मिळतं, पण मुदत चुकवली नाही तर ते तुमच्याकडून सहसा कुणी काढून घेत नाही. मात्र ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. करून देणाऱ्याच्या नावावर नको, भाच्याच्या तर नकोच. भाचा नोकरीसाठी परदेशी जातो, मुदतीची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते, आणि एके दिवशी तुमच्या नावाच्या जागी भलतीच जाहिरात दिसू लागते. असे प्रसंग मी दोनदा निस्तरले आहेत, म्हणून सांगते.

वेबसाइटवर काय असावं? "आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत" नको. सरकणारी चित्रं नकोत. ताईंकडे मी दोन दिवस बसले आणि गिऱ्हाइकं त्यांना फोनवर काय विचारतात तेवढंच लिहून घेतलं. एका गोधडीला किती साड्या लागतात? नायलॉनची चालेल का? किती दिवस लागतील? धुवायची कशी? उरलेलं कापड परत मिळेल का? झालं, हीच आमची वेबसाइट. वर किंमत लिहिली. किंमत लिहायला कारागीर फार कचरतात. "फोन करू देत, मग सांगू," असं त्यांना वाटतं. पण संकोची माणूस फोनच करत नाही.

आणखी एक. मजकूर चित्रात नको. सुंदर अक्षरांत रंगवलेलं पोस्टर माणसाला दिसतं, पण शोधयंत्राच्या हाती त्यातलं फारसं काही लागत नाही. मजकूर साध्या युनिकोड मराठीत टंकलेला असावा, आणि 'गोधडी'बरोबर 'क्विल्ट' हा शब्दही असावा. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं काय टाइप करतील याचा नेम नाही. फोटो खिडकीजवळ, दिवसाउजेडी काढावेत. टाके दिसले पाहिजेत.

आता वही. प्रदर्शनात, भीमथडीसारख्या जत्रेत, टेबलावर खरोखरीची वही ठेवा. नाव, ईमेल, फोन. वर स्पष्ट लिहा की वर्षातून चार पत्रं पाठवू, चालेल का? विचारल्याशिवाय कुणाचंही नाव घालू नका. २०२३च्या कायद्याने माणसाची माहिती वापरायला त्याची संमती महत्त्वाची ठरवली आहे. तसं नसतं, तरी ते सभ्यपणाचंच आहे. नको म्हणणाऱ्याला एका टिचकीत बाहेर पडता आलं पाहिजे. आणि सगळे पत्ते एकाच रांगेत, सगळ्यांना दिसतील असे घालून पत्र धाडू नका. मी एकदा एका कुंभारकाम करणाऱ्या मित्रासाठी तसं धाडलं होतं. एका गिऱ्हाइकाने सगळ्यांना आपल्या विम्याची माहिती पाठवली. दुसऱ्याने त्याच्याशी सगळ्यांसमक्ष भांडण काढलं. तेव्हापासून पत्र आधी स्वतःला पाठवून बघते, मोबाइलवर उघडून.

"ईमेल वाचतं कोण?" असं मला नेहमी विचारतात. गावातली मंडळी नाही वाचत, त्यांच्यासाठी फोन आहेच. पण दूर राहणारी, जपून खरेदी करणारी माणसं वाचतात, आणि पत्र छोटं असेल तर उत्तरही देतात. ताईंच्या पहिल्या पत्रात विक्रीचं एक अक्षर नव्हतं. पावसाळ्यात गोधडी का शिवत नाहीत, शिवली तर वाळवताना काय हाल होतात, एवढंच होतं. त्याच पत्राला सगळ्यांत जास्त उत्तरं आली. मी मात्र त्याआधी त्यांना दिवाळी-सवलतीचा मजकूर लिहून देणार होते!

त्या नऊ गाठोड्यांचं काय झालं, ते सांगते. तीन पार्सलांच्या पिशव्या ताईंनी धान्य भरायला ठेवल्या होत्या, त्यांवर पत्ते निघाले. दोघींची पत्रं पोस्टाने आली. एक बाई पुण्याहून थेट दारात आल्या, भांडायच्याच तयारीने, आणि गोधडी बघून ओट्यावर बसून राहिल्या. राहिली तीन. २०२३च्या सुरुवातीला वेबसाइट झाली, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर आम्ही त्या साड्यांचे फोटो लावले आणि खाली लिहिलं, "या तुमच्या घरच्या आहेत का?" दोघांचा पत्ता लागला. एक गाठोडं अजून माळ्यावर आहे. त्यात बारीक काठाची एक हिरवी आणि दोन सुती पांढऱ्या साड्या आहेत. ताईंनी त्यांना अजून कात्री लावलेली नाही. दर उन्हाळ्यात त्या त्यांना ऊन देतात, आणि तो फोटो वेबसाइटवरून काढू देत नाहीत.