साचा आणि नक्कल

खिळ्यांच्या छपाईचे दिवस होते तेव्हां लग्नसराई आली म्हणजे छापखान्यांत एकच मजकूर शेंकडों घरांसाठीं जुळविला जाई. आरंभींचें देवतास्मरण, मधलें ठराविक निवेदन आणि शेवटची आग्रहाची विनंती हीं बहुधा सारखींच असत. बदलत तीं वधूवरांचीं नांवें, तिथि, मुहूर्त आणि कार्यस्थळ. प्रत्येक वेळीं सगळी पत्रिका नव्यानें जुळविली तर श्रम वाढत आणि श्रमांबरोबर चुकाही वाढत. म्हणून शहाणा जुळारी चौकट तशीच ठेवून रिकाम्या जागा तेवढ्या भरी. आजच्या संगणकांचा कारभार पुष्कळ अंशीं याच युक्तीवर चालतो. भेद इतकाच कीं, पत्रिकेंतील चुकलेला मुहूर्त कोणा तरी वडीलधाऱ्याच्या ध्यानांत येतो. संगणकाला दिलेल्या कागदांत चूक झाली तर पुष्कळदां तो ती निमूटपणें अमलांत आणतो.

संगणकावरील कोणत्याही प्रोग्रॅमला कांहीं गोष्टी आधींच सांगून ठेवाव्या लागतात. यंत्राचें नांव काय, टपाल कोणत्या वाटेनें धाडावयाचें, कोणास आंत घ्यावयाचें व कोणास दारांतच थांबवावयाचें, अशा या सूचना. त्या ज्या फाइलींत लिहिलेल्या असतात तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 1969 सालीं ज्या युनिक्स पद्धतीचा आरंभ झाला, तिनें या फाइली साध्या अक्षरांत लिहिण्याची चाल रूढ केली. टर्मिनलवर बसलेल्या माणसाला त्या वाचतां याव्यात व बदलतां याव्यात, हा त्यांतील मोठा लाभ. परंतु जें हातानें बदलतां येतें तें हातानें बिघडवितांही येतें. या बिघाडाचें आणि त्यावरील उपायाचें उत्तम उदाहरण म्हणजे सेंडमेल नांवाच्या टपाली प्रोग्रॅमची कथा होय.

1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत एरिक ऑलमन यांच्यापुढें एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. तेथें निरनिराळीं संगणक-जाळीं होतीं आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची तऱ्हा वेगळी होती. आर्पानेटच्या पत्त्यांत माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें ॲटचें चिन्ह असे. यूयूसीपी जाळ्यांत वाटेवरील यंत्रांचीं नांवें उद्गारचिन्हांनीं जोडून सगळा मार्गच पत्त्यांत लिहावा लागे. एका जाळ्यांतील पत्र दुसऱ्या जाळ्यांत पोंचवावयाचें तर पत्ताच नव्यानें लिहिणें भाग होतें. ऑलमन यांनीं प्रथम डेलिव्हरमेल हा प्रोग्रॅम रचला. त्याच्या सूचना प्रोग्रॅमच्याच पोटांत बसविलेल्या होत्या. लहानसा फेरफार करावयाचा तरी सगळा प्रोग्रॅम पुन्हां बांधावा लागे. त्याच्या जागीं आलेल्या सेंडमेलनें या सूचना बाहेर काढून एका वेगळ्या फाइलींत ठेविल्या. 1983 सालीं बर्कलीच्या युनिक्सबरोबर सेंडमेल सर्वत्र जाऊं लागला, आणि पुढें कित्येक वर्षें इंटरनेटवरील टपालाचा फार मोठा भाग त्याच्या हातून गेला.

परंतु ती फाइल वाचणें हें सामान्य माणसाचें काम नव्हतें. प्रोग्रॅम सुरू होतांना ती फाइल त्याला झटपट उलगडतां यावी, या हेतूनें तिची भाषा अत्यंत संक्षिप्त ठेविली होती. ओळीचें पहिलें अक्षर तिचा प्रकार सांगे. पुढें डॉलरचीं चिन्हें, तारका, अधिक व उणे यांची दाटी. पत्ता बदलण्याच्या प्रत्येक नियमाचे दोन भाग, आणि त्या दोहोंच्या मध्यें टॅब नांवाची मोकळी जागा. टॅबऐवजीं साध्या जागा पडल्या तर डोळ्यांना कांहींच फरक दिसत नसे. प्रोग्रॅमला मात्र तो नियम तुटलेला दिसे. ही निवड चुकीची होती, असें खुद्द ऑलमन यांनींही पुढें लिहून ठेविलें आहे. या प्रोग्रॅमवर 1993 मध्यें, मुखपृष्ठावर वटवाघूळ असलेला जो जाडजूड ग्रंथ निघाला, त्याच्या पुढील आवृत्त्या हजार पृष्ठांच्या पलीकडे गेल्या. त्यावरूनच त्या विद्येच्या दुर्गमतेची कल्पना येते.

उपाय मात्र पूर्वींच जन्मला होता. 1977 सालीं बेल प्रयोगशाळेंतील ब्रायन कर्निहन व डेनिस रिची यांनीं एम-फोर नांवाचें एक छोटें साधन तयार केलें होतें. त्याचें काम सांगावयास सोपें आहे. त्याच्यापुढें मजकूर ठेवावा. त्यांत ज्या शब्दांची व्याख्या आधीं दिली असेल ते शब्द आले कीं त्यांच्या जागीं तो व्याख्येंतील मजकूर भरतो. बाकीचें जसेंच्या तसें पुढें सोडतो. एका शब्दाच्या पोटांतून पानभर मजकूर निघूं शकतो, आणि त्या मजकुरांत पुन्हां व्याख्या केलेले शब्द आले तर तेही उलगडले जातात. ही कल्पनाही एकाएकीं उद्भवलेली नव्हती. डग्लस मॅकिलरॉय यांनीं 1960 सालीं आणि इंग्लंडांत क्रिस्टोफर स्ट्रेची यांनीं 1965 सालीं अशा शब्दविस्ताराचा शास्त्रशुद्ध विचार प्रसिद्ध केला होता.

सेंडमेलच्या आठव्या पिढीनें, म्हणजे 1993 च्या सुमारास, हें साधन आपल्या फाइलीसाठीं अंगीकारलें. व्यवस्थापकानें आतां हजाराहून अधिक ओळींचें जंगल तुडवावयाचें नव्हतें. दहावीस ओळींचा एक साचा लिहावयाचा होता. आपली पद्धति कोणती, टपाल कोणत्या यंत्राकडे सोपवावयाचें, कोणत्या सोयी हव्यात, एवढेंच त्यांत सांगावयाचें. टर्मिनलवर एका ओळीची आज्ञा दिली कीं एम-फोर तयार नियमांचे तुकडे आणून लांबलचक फाइल उभी करी. टॅब योग्य ठिकाणीं पडत, नियमांचा क्रम बिघडत नसे. दहा यंत्रें असलीं तरी समाईक भाग एकच राही आणि प्रत्येकाचें वेगळेपण तेवढें वेगळें लिहिलें जाई.

साचा आला म्हणून सावधगिरी संपली, असें मात्र झालें नाहीं. एम-फोरमध्यें अवतरण उघडण्याचें चिन्ह एका बाजूस झुकलेलें व मिटण्याचें सरळ असतें. मिटण्याचें चिन्ह विसरलें तर पुढचा सगळा मजकूर अवतरणाच्या पोटांत गडप होतो. त्याहून मोठा धोका आज्ञेंतच दडलेला असतो. साधनाचें फलित थेट जुन्या फाइलीवर वळविलें, तर टर्मिनलचा कवचप्रोग्रॅम ती जुनी फाइल आधीं रिकामी करतो आणि मगच एम-फोर कामास लागतो. साच्यांत दोष निघून तें काम मध्यें थांबलें, तर नवी फाइल हातीं नाहीं आणि जुनीही गेली, अशी उभयतः हानि होते. म्हणून जाणता माणूस फलित वेगळ्या नांवानें काढतो, जुन्या व नव्या फाइलींतील फरक ओळीओळीनें पाहतो, सेंडमेलच्या परीक्षेच्या सोयीनें दोनचार पत्ते चालवून बघतो, आणि खात्री पटल्यावरच नव्या फाइलीला जुनीच्या जागीं बसवितो.

परंतु सर्वांत कठीण चूक यंत्राची नसून माणसाच्या स्वभावाची आहे. मध्यरात्रीं टपाल अडतें. व्यवस्थापक घाईघाईनें तयार फाइलच उघडतो, एक ओळ दुरुस्त करतो, टपाल वाहूं लागतें आणि तो समाधानानें घरीं जातो. साच्यांत ती दुरुस्ती करावयाची राहून जाते. कांहीं महिन्यांनीं त्याच्या जागीं आलेला दुसरा माणूस दुसऱ्याच कारणासाठीं साच्यावरून फाइल नव्यानें काढतो. त्याच्या हातून कांहींही चुकलेलें नसतें. तरी जुना दोष परत येतो आणि पत्रें पुन्हां अडून राहतात. कोणाचा नोकरीचा अर्ज, कोणा आजाऱ्याची खुशाली, कोणाचा देण्याघेण्याचा हिशेब वाटेंत खोळंबतो, आणि त्याचें कारण शोधणाऱ्याला त्या मध्यरात्रीच्या ओळीचा मागमूसही लागत नाहीं. ही फाइल हातानें बदलूं नका, मूळ साचा बदला, असा इशारा तयार झालेल्या फाइलीच्या माथ्यावरच छापलेला असतो; पण घाईच्या वेळीं माथ्यावरचा इशारा वाचतो कोण?

साच्याची हीच पद्धति पुढें सर्वत्र पसरली. 1991 सालीं डेव्हिड मॅकेंझी यांनीं सुरू केलेलें ऑटोकॉन्फ एम-फोरच्याच आधारावर उभें आहे. 2012 सालीं निघालेलें ॲन्सिबल हें साधन जिंजा नांवाच्या साचेभाषेंतून अनेक यंत्रांच्या फाइली एकदम तयार करतें. साधनें बदललीं, नियम मात्र तेच राहिले: मूळ एकच असावें, नक्कल कोणत्या मुळापासून निघाली तें तिच्यावर लिहिलेलें असावें, परवलीचे शब्द साच्यांत उघडे ठेवूं नयेत, आणि प्रत्येक फेरफाराचें कारण साच्यांतच टिपून ठेवावें.

हें शेवटचें कलम सर्वांत महत्त्वाचें. नक्कल काय ठरलें तें सांगते. कां ठरलें हें सांगण्याची जागा साच्यांत असते. कर्ता माणूस निघून जातो, यंत्रें जुनीं होऊन अडगळींत पडतात, आणि मागें राहतो तो त्याचा लेख. तो नीट लिहिलेला असेल तर पुढच्या माणसाला अंधारांत चांचपडावें लागत नाहीं. दुरुस्ती नकलेंत केली तर ती एका रात्रीपुरती टिकते. मुळांत केली तर ती पुढच्याच्याही कामीं येते.